शोधायचं काय आणि पाहायचं कोणी

कंपनीची खरी आठवण कुठे साठवलेली असते, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच: मेलमध्ये. करार कायदा विभागाच्या कपाटात असतात, बिलं ईआरपीत असतात, ड्रॉइंग सर्व्हरवर असतात. पण दर वाढवून का दिला, माल आठवडाभर उशिरा का गेला, ड्रॉइंगमधलं माप ऐन वेळी कोणाच्या सांगण्यावरून बदललं, याची उत्तरं तिथे सापडत नाहीत. ती कुठल्या तरी जुन्या मेलच्या तळाशी, चौथ्या-पाचव्या उत्तरात, दोन ओळींत लिहिलेली असतात. तो मेल ज्यांच्याकडे आहे ती माणसं कंपनीत आहेत तोवर आठवण शाबूत राहते. ती निवृत्त झाली किंवा नोकरी सोडून गेली, की कंपनी विसरते.

मी खराडीत एका कंपनीच्या आयटी विभागात काम करते. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत येईपर्यंत खराडी हे हवेली तालुक्यातलं, मुळा-मुठेच्या काठचं गाव होतं. आता नगर रस्त्यावरून बायपासला वळलं की झेन्सारचं आवार, पुढे ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर असा काचेचा पट्टा सुरू होतो. या पट्ट्यातले बहुतेक लोक परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. आमचं तसं नाही. आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. मुख्य कार्यालय खराडीत आणि कारखाना त्याच नगर रस्त्यावर पुढे, रांजणगाव एमआयडीसीत. त्यामुळे आमच्या मेलमध्ये दोन जगं एकत्र नांदतात. खराडीहून जर्मनीतल्या ग्राहकाला गेलेलं औपचारिक इंग्रजी पत्र आणि रांजणगावच्या स्टोअरमधून आलेलं ‘माल उतरवून घेतला, दोन खोकी ओली निघाली’ हे एका ओळीचं मराठी उत्तर एकाच मेलमध्ये वर-खाली असतं.

खरेदी विभागातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले तेव्हा ही आठवणीची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. सगळे त्यांना काका म्हणत. कोणत्या पुरवठादाराने कधी दर वाढवून मागितले होते आणि आपण काय उत्तर दिलं होतं, हे काका विचारताक्षणी सांगत. ते गेल्यावर असे प्रश्न अडू लागले. त्यांचा मेलबॉक्स आम्ही राखून ठेवला होता, म्हणून निदान तो होता तरी. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत खात्याचा परवाना काढून घेतला की साधारण ३० दिवसांत मेलबॉक्स कायमचा पुसला जातो. आधीच त्याचा शेअर्ड मेलबॉक्स केलेला असेल किंवा कायदेशीर कारणाने तो राखून ठेवला असेल, तरच वाचतो. कितीतरी कंपन्यांमध्ये माणसाच्या वीस-वीस वर्षांच्या पत्रव्यवहाराचा शेवट या ३० दिवसांत होतो.

आमच्याकडे कंपनीअंतर्गत शोधसेवा आधीपासून होती. ड्रॉइंग, कार्यपद्धतींची पुस्तिका, ईआरपीतल्या नोंदी, सगळं एका शोधपट्टीत सापडायचं. मेल तेवढा बाहेर होता. बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ आली: मेलसुद्धा शोधसेवेला जोडावा. ती ओळ माझ्या नावावर पडली.

शोधसेवा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपण शब्द टाकतो तेव्हा ती धावत जाऊन सगळे मेल वाचत नाही. वाचन आधीच झालेलं असतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे ते सांगणारी, तशी सूची प्रत्येक शब्दासाठी तयार करून ठेवलेली असते. तिला इंडेक्स म्हणतात. म्हणजे मेल शोधायचा तर आधी कोणत्या तरी यंत्राने तो वाचायला हवा, त्यातले शब्द वेगळे काढायला हवेत आणि दुसऱ्या एका जागी लिहून ठेवायला हवेत. मेल आणि शोधसेवा यांच्यात हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला कनेक्टर म्हणतात. त्याचा वाचनाचा हक्क आणि तो जिथे लिहून ठेवतो ती जागा, या दोन गोष्टींवर बाकी सगळं उभं राहतं.

कनेक्टरला मेल वाचू देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक माणूस लॉगिन करून फक्त स्वतःचा मेलबॉक्स वाचायची संमती देतो. दुसऱ्यात अॅडमिन एकदाच परवानगी देतो आणि कनेक्टर कोणालाही न विचारता सगळ्यांचे मेल वाचू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत या दुसऱ्या परवानगीचं वर्णनच ‘सर्व मेलबॉक्समधील मेल वाचणे’ असं आहे. गूगलकडेही संपूर्ण डोमेनच्या वतीने वाचण्याचा अधिकार एका सेवाखात्याला देता येतो. बहुतेक मार्गदर्शिका हाच दुसरा मार्ग सुचवतात, कारण तो सोपा आहे. एक खूण, एक बटण, आणि संचालकांपासून शिकाऊ कामगारापर्यंत सगळ्यांचा पत्रव्यवहार एका प्रोग्रॅमसमोर उघडा.

त्या बटणापाशी मी थांबले आणि बैठक बोलवायची विनंती केली.

बैठकीला मनुष्यबळ विभाग, कायदा सल्लागार, लेखा विभाग, रांजणगावचे दोघं-तिघं आणि अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष मॅडम होत्या. मी नेमकं काय होणार ते सांगितलं आणि एवढंच विचारलं, ‘तुमच्या मेलमध्ये असं काय आहे जे दुसऱ्या कोणाला दिसता कामा नये?’

अध्यक्ष मॅडम पहिल्यांदा बोलल्या. ‘आमच्या समितीचा मेलबॉक्स यात नको. हक्क लावून ठेवू, कोणाला दिसणार नाही, हेही नको. तो वाचलाच जाऊ नये.’ त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ आहे. तक्रारीतला मजकूर, तक्रारदाराची ओळख, चौकशीचा तपशील हे कोणत्याही प्रकारे उघड करायला ते मनाई करतं. यंत्राने तो मजकूर वाचून दुसऱ्या सर्व्हरवर त्याचे शब्द लिहून ठेवायचे, आणि मग ‘कोणी पाहत नाही’ असं म्हणायचं, हे त्या कलमाच्या हेतूत बसत नाही.

मग लेखा विभागातल्या एक ताई दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘आईच्या ऑपरेशनचे सगळे रिपोर्ट मी ऑफिसच्या मेलवरून मेडिक्लेमला पाठवले होते. ते कोणाला सापडतील का?’ खोलीतल्या निम्म्या लोकांनी माना हलवल्या. ग्रुप मेडिक्लेमची कागदपत्रं ऑफिसच्याच मेलवरून जातात. तपासणीचे अहवाल, औषधांची बिलं, कधी गर्भपाताची नोंद, कधी मानसोपचाराची. मुलाच्या शाळेचा दाखला, घराच्या कर्जाचे कागद, दुसरीकडच्या नोकरीसाठी पाठवलेला बायोडेटा, सगळं कामाच्या मेलमध्ये येऊन बसलेलं असतं. कंपनीच्या नियमावलीत मेल कंपनीच्या मालकीचा म्हटलेला असला तरी माणूस त्यात आपलं आयुष्य ठेवतोच.

ते बाहेर पडलं की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचं आहे. महाराष्ट्राला ती दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे चांगली ठाऊक आहे. २००१ च्या डिसेंबरात ती दिवाळखोरीत गेली आणि चौकशीच्या ओघात अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये तिचे मेल जगासमोर खुले केले. सुमारे १५० जणांचे, पुढे संशोधकांनी आवरून ठेवलेल्या संग्रहात जवळपास ५ लाख मेल. संगणकशास्त्राला त्याचा खूप उपयोग झाला. स्पॅम कसा ओळखायचा, मेलची साखळी कशी जोडायची, यावरचे कितीतरी अभ्यास त्या संग्रहावर झाले. पण घोटाळ्याशी काडीचा संबंध नसलेल्या साध्या कर्मचाऱ्यांच्या घरगुती गोष्टीही त्यात होत्या, आणि लोकांनी विनंत्या केल्यावर काही मेल मागाहून काढावे लागले. एकदा इंडेक्स होऊन पसरलेलं परत गोळा करणं किती अवघड, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायला बरीच मोकळीक आहे. आमच्या कायदा सल्लागारांनी ते कलम वाचून दाखवलं आणि पुढे म्हणाले, ‘कायदा अडवत नाही म्हणून आपण कुठवर जायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागेल.’ मला ते वाक्य त्या बैठकीत सर्वांत मोलाचं वाटलं.

शेवटी ठरलं ते असं. खरेदी, क्वालिटी, डिस्पॅच, सर्व्हिस यांचे जे विभागाचे सामाईक मेलबॉक्स आहेत ते जोडायचे आणि त्या त्या विभागाच्या माणसांनाच त्यातलं सापडू द्यायचं. वैयक्तिक मेलबॉक्स ज्याचा त्याने स्वतः लॉगिन करून जोडायचा, तोही फक्त त्याच्या स्वतःच्या शोधासाठी. मनुष्यबळ, मेडिक्लेम, कायदा विभाग आणि तक्रार समिती यांचे मेलबॉक्स कनेक्टरने पाहायचेच नाहीत. निवृत्त काकांच्या मेलबॉक्ससाठी आम्ही काकांनाच फोन केला. ते एक दुपारभर खराडीला येऊन बसले, घरचे मेल बाजूला काढले आणि पुरवठादारांचे मेल खरेदी विभागाच्या मेलबॉक्समध्ये हलवून दिले. नियमाने त्यांना विचारायची गरज नव्हती. पण ज्याने तो पत्रव्यवहार केला त्याच्याइतकं चांगलं ते काम दुसऱ्या कोणालाच जमलं नसतं.

ठराव यंत्राच्या पातळीवरही बांधून टाकावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेलसेवेत एखाद्या अॅपला दिलेली परवानगी ठरावीक मेलबॉक्सपुरतीच मर्यादित करायची सोय आहे. ती लावली नाही तर ‘आम्ही ते मेलबॉक्स वाचत नाही’ हे निव्वळ तोंडी आश्वासन राहतं, कारण परवानगी सगळ्यांची असते आणि कोडमध्ये एक यादी तेवढी असते. आम्ही मर्यादा लावली आणि मग कनेक्टरच्याच ओळखीने तक्रार समितीचा मेलबॉक्स उघडायचा प्रयत्न मुद्दाम करून पाहिला. सर्व्हरने प्रवेश नाकारला. तो नकार मी छापून अध्यक्ष मॅडमना दिला. त्यांनी तो फाइलला लावला.

यानंतरचं काम तंत्राचं. मेल हा वरून साधा दिसणारा आणि आतून अतिशय गुंतागुंतीचा ऐवज आहे, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजलं. फाइल एका जागी असते आणि ती कोण पाहू शकतो याची यादी तिच्यासोबत असते. मेलचं तसं नाही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला तेव्हापासून मेल म्हणजे प्रत. दहा जणांना पाठवला की दहा प्रती आणि अकरावी पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये. शोधात एकच मेल अकरा वेळा दिसू नये म्हणून त्या प्रती एकत्र करायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक मेलच्या माथ्यावर एक मेसेज-आयडी असतो, सगळ्या प्रतींमध्ये सारखा. तो धरून प्रती एकत्र करणं सोपं वाटतं.

धोका तिथेच आहे. बीसीसीमध्ये कोण होतं हे फक्त पाठवणाऱ्याच्या प्रतीत नोंदलेलं असतं. प्रती एकत्र करताना पाठवणाऱ्याची प्रत मुख्य धरली, तर ‘हा मेल गुपचूप आणखी कोणाला गेला होता’ हे बाकी दहा जणांना शोधाच्या निकालात दिसेल. कार्यालयात बीसीसी कशासाठी वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बीसीसीचा रकाना आम्ही इंडेक्समध्ये घेतलाच नाही आणि प्रत्येक माणसाला निकाल दाखवताना त्याच्याच हक्कातली प्रत दाखवली.

हक्क कधी तपासायचा, हाही मोठा प्रश्न. इंडेक्स करतानाच ‘हा मेल अमुक लोकांना दिसावा’ असं लिहून ठेवलं की शोध वेगाने होतो. पण माणूस खरेदीतून क्वालिटीत बदली होऊन गेला, तर जुनी नोंद नव्याने लिहिली जाईपर्यंत त्याला खरेदीचे मेल सापडत राहतात. उलट, निकाल दाखवण्याच्या क्षणी दर वेळी मूळ ठिकाणी विचारणा केली तर हक्क ताजा राहतो, पण शोध रेंगाळतो. आम्ही दोन्ही ठेवलं: इंडेक्समध्ये गटाचं नाव आणि निकालापूर्वी त्या गटात माणूस आज आहे का याची तपासणी. शोधपट्टीत अक्षरं टाकताच खाली ज्या सूचना येतात त्यांनाही हाच नियम लावावा लागला. मेल उघडता आला नाही तरी सूचनेत एखाद्याचं नाव आणि ‘राजीनामा’ हे शब्द शेजारी शेजारी दिसले, की बातमी फुटलीच.

वाचण्याच्या वेगालाही लगाम असतो. एका अॅपने एका मेलबॉक्समागे १० मिनिटांत १०,००० पेक्षा जास्त विनंत्या करायच्या नाहीत आणि एका वेळी चारच, अशी मायक्रोसॉफ्टची मर्यादा आहे. ती ओलांडली की सर्व्हर ४२९ क्रमांकाचं उत्तर देतो आणि किती सेकंद थांबायचं तेही सांगतो. जुने मेल वाचून झाल्यावर पुन्हा पुन्हा सगळं वाचायचं नसतं, मागच्या वेळेपासून काय बदललं एवढंच मागायचं असतं. नवा मेल आला की कळवा, अशी वर्दीही लावता येते, पण ती कायमची नसते. गूगलच्या मेलमध्ये ती सात दिवसांच्या आत नव्याने लावावी लागते, नाही तर निमूटपणे बंद पडते. या सगळ्यात मी एका गोष्टीचा आग्रह धरला: कोणी मेल पुसला तर तो इंडेक्समधूनही पुसला गेला पाहिजे. नवं शोधात उशिरा आलं तर लोक तक्रार करतात. पुसलेलं मागे राहिलं तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि म्हणूनच ते जास्त घातक.

पहिल्या चाचणीत एक गोष्ट गमतीची वाटली, पण ती फार शिकवून गेली. ‘खराडी’ असा शब्द टाकला तर जवळजवळ प्रत्येक मेल निकालात आला, कारण प्रत्येकाच्या सहीखाली कार्यालयाचा पत्ता आहे. ‘कॉन्फिडेन्शियल’ टाकलं तरी तेच, कारण तळाच्या इशारावजा परिच्छेदात तो शब्द ठरलेला. शोधशास्त्रात याचं उत्तर १९७२ पासून आहे. केरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने त्या साली मांडलं, की शब्द जितक्या जास्त कागदांत आढळतो तितकं त्याचं वजन शोधात कमी धरावं. आजची बहुतेक शोधयंत्रं त्याच तत्त्वावर क्रम लावतात. तरी सह्या आणि इशारे मजकुरातून वेगळे काढल्याशिवाय निकाल स्वच्छ झाले नाहीत. प्रत्येक उत्तराखाली आधीचे सगळे मेल चिकटलेले असतात. तेही वेगळे केले, तेव्हा कुठे ज्याने पहिल्यांदा ते वाक्य लिहिलं त्याचा मेल वर येऊ लागला.

खरी परीक्षा मराठीची होती. रांजणगावचे लोक मराठीत लिहितात, कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत. मराठी शब्द प्रत्यय लागला की रूप बदलतो. ‘गोदाम’ शोधणाऱ्याला ‘गोदामात’, ‘गोदामाचं’, ‘गोदामापर्यंत’ हेही सापडायला हवं. ‘रस्ता’ टाकल्यावर ‘रस्त्यावर’ आणि ‘पाऊस’ टाकल्यावर ‘पावसामुळे’ यायला हवं. आम्ही वापरत असलेल्या प्रसिद्ध शोधयंत्रात हिंदी आणि बंगालीसाठी तयार विश्लेषक आहेत, मराठीसाठी नव्हता. प्रत्यय कापणारा छोटा प्रोग्रॅम आम्ही लिहिला. नुसतं कापून भागत नाही. ‘कारखान्याला’ मधला ‘ला’ काढायचा, पण ‘बंगला’ मधला नाही. ज्या शब्दांत शेवटचं अक्षर प्रत्यय नसून शब्दाचाच भाग आहे त्यांची यादी आम्ही आमच्याच मेलमधून जमवली.

या वाटेवर आधी चाललेले लोक होते, हे कळल्यावर धीर आला. भारतीय भाषांमधल्या शोधाच्या चाचण्यांसाठी ‘फायर’ हा संशोधकांचा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्यात हिंदी-बंगालीबरोबर मराठीचा संग्रह होता, ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’मधल्या बातम्यांचा. मराठीत प्रत्यय कापल्याने शोध किती सुधारतो, यावर त्या संग्रहाच्या आधारे अभ्यास झाले.

आणखी दोन अडचणी आमच्या लिपीच्या. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांत डोळ्याला दिसणारं ‘ऱ्या’ संगणकात दोन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलं जातं: एक स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, दुसरी ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला सारखं, यंत्राला वेगळं. इंडेक्स करण्यापूर्वी दोन्ही एकाच रूपात आणावी लागली. दुसरी अडचण जुन्या जोडपत्रांची. ग्रामपंचायतीची पत्रं, वीजजोडणीचे अर्ज, जमिनीचे करारनामे, यांतले कितीतरी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. पुण्यातच घडलेली श्री-लिपी आणि १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकची साधनं यांनी मराठी संगणकावर आणली, त्या काळाचे ते कागद. छापले की सुबक मराठी, पण यंत्राने वाचले की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रास. फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलायची पायरी मध्ये घातली, तेव्हा ती पत्रं शोधात आली. खराडीतल्या इंग्रजी मेलसाठी यातलं काहीच लागलं नसतं. पण ते सोडून दिलं असतं तर कारखान्याची अर्धी आठवण बाहेर राहिली असती, आणि शोधसेवा फक्त खराडीची झाली असती.

सेवा सुरू झाल्यावर क्वालिटीतल्या एका तरुण मुलीला एका भागाच्या तडे जाण्याच्या तक्रारीचं मूळ जुन्या मेलमध्ये सापडलं. तशीच तक्रार पूर्वी आली होती आणि उष्णता-प्रक्रियेत काय बदल केला होता, ते कोणीतरी मराठीत चार ओळींत लिहून ठेवलं होतं. लिहिणारे गृहस्थ कधीच कंपनी सोडून गेले होते. स्टोअरमधले दादा मला म्हणाले, ‘ताई, आम्ही लिहितो ते कोणी वाचत नाही असं वाटायचं.’ त्या दिवसापासून त्यांचे मेल एका ओळीचे राहिले नाहीत.

एका विभागप्रमुखांनी राजीनामा दिलेल्या माणसाचे मेल शोधात ‘जरा दिसतील का’ असं विचारलं. मी त्यांना सांगितलं, की त्यासाठी वेगळी वाट आहे: लेखी कारण, कायदा विभागाची सही, मनुष्यबळ विभागाची माहिती आणि कोणी काय उघडलं याची नोंद. चौकशी करायची असेल तर ती चौकशी म्हणून करावी. रोजच्या शोधपट्टीतून कोणाची चौकशी होऊ लागली की लोक मेलवर खरं लिहायचं थांबवतात, आणि मग शोधायला काही उरत नाही. त्यांना ते पटलं, आणि त्यांनी अर्ज केलाही नाही.

आता या शोधसेवांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक बसू लागले आहेत. प्रश्न विचारला की ते इंडेक्समधले मेल वाचून सलग उत्तर लिहून देतात. उत्तर कोणत्या मेलमधून आलं हे वाचणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही, म्हणून हक्कांची गाठ सैल असेल तर गळती दिसतही नाही. २०२५ च्या जूनमध्ये संशोधकांनी ‘इकोलीक’ नावाचा दोष उघड केला. बाहेरून आलेल्या एका मेलमध्ये दडवलेल्या सूचना मायक्रोसॉफ्टच्या सहायकाने वाचल्या, तर कोणी काही न उघडताही आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती. कंपनीने तो दुरुस्त केला. पण मेलबॉक्समध्ये बाहेरचं कोणीही काहीही लिहून पाठवू शकतो, हे कसं बदलणार? जो वाचू शकतो त्याच्यापुढे काय वाचायला ठेवायचं, हा निर्णय म्हणून आधीच घ्यायला हवा.

मेल शोधसेवेला जोडावा, असंच माझं मत आहे. माणसं जातात आणि त्यांनी मिळवलेलं ज्ञान कुलूपबंद मेलबॉक्ससह नष्ट होतं, हे नुकसान छोटं नाही. पण जोडण्याआधी तुम्ही ज्या कार्यालयात काम करता तिथे तीन गोष्टी विचारा. कनेक्टरला कोणते मेलबॉक्स उघडता येत नाहीत, याचा पुरावा दाखवा. मी पुसलेला मेल इंडेक्समधून किती वेळात जातो, ते सांगा. आणि माझ्या भाषेत लिहिलेलं त्यात सापडतं का, ते करून दाखवा. हे विचारायला आयटीचं शिक्षण लागत नाही. तुम्ही स्वतः हे काम करणारे असाल, तर पहिल्या बैठकीला तक्रार समितीच्या अध्यक्षांना आणि कारखान्याच्या स्टोअरमधल्या माणसाला बोलवा, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या आधी त्यांना बोलू द्या.